गणिताच्या तासाला खो-खो

पंच्याण्णव सालची संक्रांत शनिवारी आली आणि तिच्याबरोबर दिल्लीच्या मयूर विहारहून थोरल्यांची मारुतीही आली. धुकं असं दाट होतं की आधी नुसता हॉर्न आला, मग पिवळे दिवे आले, मग कुमुदवहिनींचा आवाज आला आणि सगळ्यात शेवटी गाडी आली.

"बाई गं, काय हे गाव! दिल्लीहून तासाभराचा रस्ता म्हणतात, पण मला दर वेळी दोन पिढ्या मागे आल्यासारखं वाटतं," काच खाली करत वहिनी म्हणाल्या.

लग्न होऊन नूरपुऱ्याला आल्यापासून लतिकाने हे वाक्य दर सणाला ऐकलं होतं. ती फाटकाशी उभी राहून हसली. आज गोड बोलायचा दिवस होता, आणि थोरल्या जावेशी गोड बोलायला तिला एरवीही सणाची गरज पडत नसे. भीती पुरत असे.

गाडीतून मोठे दीर सूर्यकांत उतरले. ते मंत्रालयात अंडर सेक्रेटरी होते आणि घरातही फाइलवर शेरा मारावा तसे बोलत. मग त्यांचा जयंत उतरला, नववीतला, कानात वॉकमन. मग सामान. पेस्ट्रीचा खोका. इंग्रजीच्या दोन जाड गाइड. आणि बुटांचा एक खोका, त्यात नवेकोरे पांढरे कॅनव्हासचे बूट.

"हे आमच्या वृंदाला! उद्याच्या परीक्षेसाठी!" वहिनी म्हणाल्या.

लतिकाने खोका हातात घेतला आणि तिच्या मनात कुठेतरी बारीकसं टोचलं. गेल्या आठवड्यात वहिनींनी मुद्दाम फोन करून लतिकाच्या लेकीच्या, नववीतल्या वृंदाच्या पायाचं माप विचारलं होतं. परीक्षा गणित, विज्ञान आणि इंग्रजीची होती. पायाची नव्हती. पण लतिकाला सगळ्यातच काहीतरी टोचायचं. गॅस बंद केला की नाही हे ती फाटकापर्यंत जाऊन परत येऊन बघायची. त्यामुळे आपल्याच टोचणीवर तिचा फारसा विश्वास उरला नव्हता.

शिवाय ही परीक्षा तिनेच ओढवून आणली होती.

दिवाळीच्या सुट्टीत कणीक मळता मळता तिने वृंदाला एक साधं गणित घातलं होतं, दोन संख्यांच्या बेरजेचा वर्ग करायचं. पोरीने दोन्ही संख्यांचे वेगवेगळे वर्ग केले, त्यांची बेरीज केली आणि विजयी मुद्रेने वही पुढे केली. मधली पदं, म्हणजे दोन वेळचा गुणाकार, कुठे गेली असं विचारल्यावर म्हणाली, "कुठली मधली?" पुण्याहून गणितात बी.एस्सी. झालेल्या आईच्या हातातली कणीक तशीच राहिली. त्याच आठवड्यात लतिकाने सासऱ्यांना न विचारता मयूर विहारला फोन केला आणि जयंतच्या मोठ्या शाळेत वृंदाला घेतील का, असं विचारलं. घेतील, तर पोर काका-काकूंकडे राहणार. म्हणजे आपल्याकडे राहणार नाही. फोन ठेवल्यावर हा दुसरा भाग तिच्या लक्षात आला.

दोष पोरीचा नव्हता. नूरपुऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये मधली पदं शिकवायला कोणी नव्हतंच. गणिताचे मास्तर मतदार ओळखपत्रांच्या कामावर गेले ते मतदार संपले तरी परतले नव्हते. शाळेच्या व्हरांड्यात दोन फलक होते. एक क्रीडा गौरवाचा, त्यावर नावं मावेनाशी झाली म्हणून आता चौकटीवर लिहायला लागले होते. दुसरा शैक्षणिक गौरवाचा. त्यावर एकच नाव होतं, एकाहत्तर सालचं, आणि तो मुलगाही मूळचा दुसऱ्या शाळेतला होता असं लोक म्हणत. उरलेल्या जागेत लसीकरणाच्या सूचना चिकटवत.

क्रीडा गौरवाच्या फलकाचे शिल्पकार म्हणजे लतिकाचे सासरे, भाऊसाहेब. सेक्रेटरिएटमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वस्तात मिळाला म्हणून नूरपुऱ्यात प्लॉट घेतला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी शाळेचं मैदान पाहिलं. मुलगे आखाड्यात, मुली भिंतीला टेकून. त्यांनी चुना मागवला, दोन खुंट रोवले, त्यांच्यामध्ये पाटी आखली आणि मुलींना तिच्यावर बसवलं. त्यांचा ठाम सिद्धांत होता की खो-खो हिंदीत शिकवताच येत नाही. त्यामुळे नूरपुऱ्याच्या जाट आणि सैनी घरांतल्या पोरी मैदानावर "खुंट धर!", "हुलकावणी दे!", "दिशा बदलू नकोस, गाढवा!" असं मिरजेच्या मराठीत ओरडत, आणि पलीकडच्या गावाचे संघ हा काहीतरी मंत्र असावा म्हणून आधीच घाबरत.

गणिताचे मास्तर गेल्यापासून तर सोन्याचे दिवस आले. गणिताचा तास झाला की हेडमास्तर मुलींना खेळाच्या ओमवती मॅडमकडे सोपवत आणि ओमवती मॅडम भाऊसाहेबांकडे. वेळापत्रकात 'गणित' असंच लिहिलेलं राही. संघ तालुक्यात अजिंक्य ठरला, आणि उद्या, रविवारी, त्याच मैदानावर जिल्ह्याचा अंतिम सामना होता. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही शाळेत गणिताने खेळाची इतकी सेवा केली नसेल.

आणि उद्याच, रविवारी, दिल्लीत परीक्षा होती. आज संध्याकाळी मारुती परत निघेल तेव्हा वृंदा तिच्यात बसलेली असायची, की नसायची, एवढाच प्रश्न होता.

*

"विषय असा आहे," गुळाची पोळी मोडत सूर्यकांत म्हणाले, "की मुलीचं भवितव्य आणि हा गुराख्यांचा खेळ यांची तुलनाच होऊ शकत नाही."

"गुराख्यांचा?" भाऊसाहेबांनी तुपाची वाटी खाली ठेवली. "तू ज्या पगारावर ही मिशी वाढवलीस, त्या नोकरीच्या मुलाखतीत तुला छंद विचारला, तेव्हा काय सांगितलं होतंस?"

"ते वेगळं."

"खो-खो सांगितलं होतंस. आयुष्यात एकदा खेळलास, तेव्हाही बसल्या जागी झोपला होतास."

"भाऊसाहेबांचंही बरोबर आहे," लतिकाचा नवरा शशिकांत म्हणाला. तो गावातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होता आणि घरातही दोन्हीकडच्या तारा जोडून ठेवण्यापलीकडे काही करत नसे. "आणि दादाचंही बरोबर आहे."

"तुझं काय बरोबर आहे ते सांग की एकदा," सासूबाई अहिल्याबाई, म्हणजे माई, म्हणाल्या. मग त्यांनी आपली तोफ नेहमीच्या दिशेला वळवली. "पोरीचे गुडघे बघा. खरवडलेल्या खोबऱ्याच्या वाट्या नुसत्या. उद्या बघायला आलेल्यांना काय सांगणार, जिल्ह्यात पहिली आली म्हणून?"

"तेच म्हणते मी, माई!" कुमुदवहिनींनी हात पुढे करून सासूच्या ताटात पोळी वाढली. एरवी वर्षभर या दोघींचं पटत नसे, पण वृंदाच्या गुडघ्यांनी त्यांना एकत्र आणलं होतं. "माझ्याकडे राहिली की बघा कशी सुधारते. संध्याकाळी दोघं भावंडं एका टेबलावर बसून अभ्यास करतील."

जयंतने पोळी उलगडून आतला गूळ तपासला. "मम्मी, रोटी में मिट्टी जैसा क्या है?"

"तीळ आहेत, राजा," माई म्हणाल्या.

"तीळ मतलब?"

भाऊसाहेबांनी नातवाकडे पाहिलं, मग थोरल्या सुनेकडे, आणि तुपाची वाटी पुन्हा जवळ ओढली.

वृंदा खाली मान घालून जेवत होती. तिची भरलेली बॅग दाराशी होती. लतिकानेच काल भरली होती, दोनदा काढून पुन्हा भरली होती. पोरीने एकदाही नाही म्हटलं नव्हतं. हो पण म्हटलं नव्हतं. बॅगेत लोकरीचे मोजे टाकताना लतिकाने विचारलं होतं, "जायचंय ना तुला?" तेव्हा ती म्हणाली, "तू फोन केलास ना." लतिकाने मोज्यांची घडी मोडून पुन्हा घातली.

*

ताटं उचलली जात होती तेवढ्यात बाहेर लुना थांबली. गळ्यात शिट्टी, सलवार-कमीजवर पुरुषी स्वेटर, अशा ओमवती मॅडम आत आल्या. त्यांच्या मागे सुदेश होती, वृंदाच्या वर्गातली, संघातली, दुधाचा धंदा करणाऱ्यांच्या घरची. तिने भाऊसाहेबांच्या पायाला हात लावला आणि भिंतीपाशी उकिडवी बसली, जणू तिथेही पाटी आखलेली होती.

लतिकाने दोघींच्या हातावर तिळगूळ ठेवला.

"देखो जी," मॅडमनी लाडू तोंडात टाकून सरळ मुद्द्याला हात घातला, "छोरी थारी है, पर टीम म्हारी है। कल नौ बजे पहुँचना है। खुंट पे मेरे पास वृंदा के सिवा कोई नहीं। गाँव में सुनने में आया, दिल्ली भेज रहे हो?"

"नहीं-नहीं, ऐसा कुछ पक्का नहीं," सूर्यकांत गोड हसून म्हणाले. "आप चाय लीजिए।"

आणि मग, तेच हसू चेहऱ्यावर तसंच ठेवून, ते मराठीत म्हणाले, "हिला चहा पाजा आणि वाटेला लावा."

दिल्लीतल्या मराठी घरांची ही जुनी सोय. भाजीवाल्यासमोर भाव ठरवायचा, घरमालकासमोर घर बघायचं, डॉक्टरसमोर दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं ठरवायचं. मराठी बोललं की दार लावून घेतल्यासारखं. चेहरा पाहुण्याकडे, भाषा आपल्याकडे. तीस वर्षं हे दार कधी उघडलं नव्हतं, त्यामुळे त्याला कडी आहे की नाही हे कोणी पाहिलंच नव्हतं.

"वाटेला कशाला लावू?" भाऊसाहेबही मॅडमकडे मान डोलावत मराठीत म्हणाले. "पोर उद्या खेळणार. विषय संपला."

"भाऊसाहेब, तुमचा चषक पोरीच्या आयुष्यापेक्षा मोठा आहे का?" कुमुदवहिनी सुदेशच्या हातावर आणखी एक लाडू ठेवत म्हणाल्या. "आणि ही कोण ध्यान? बुटांचा वास बघा कसा येतोय. अशांच्यात वाढतेय आपली मुलगी. लो बेटा, लो, शरमाना नहीं।"

सुदेशने लाडू घेतला. पाय थोडे मागे ओढले.

बुटांचं नाव निघालं आणि लतिकाची सकाळची टोचणी जागी झाली. ती एरवी या बैठकीत बोलत नसे. दाराच्या चौकटीला टेकून ऐकण्याची तिची जागा ठरलेली होती. पण आज संध्याकाळी बॅग जाणार होती.

"वहिनी, एक विचारू?" ती म्हणाली, तिनेही मॅडमकडे बघून हसत. "गणिताच्या पेपरला कॅनव्हासचे बूट कशाला?"

"अगं, युनिफॉर्म असतो त्यांचा."

"युनिफॉर्म प्रवेश मिळाल्यावर ना? परीक्षेच्या आधी? आणि युनिफॉर्मचा फक्त बूटच?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे.

"विषय असा आहे," सूर्यकांत म्हणाले, "की परीक्षा आहेच. तत्त्वतः आहेच. पण मुख्यतः, म्हणजे प्रथमतः, मैदानावर ट्रायल आहे. शाळेला मुलींचा खो-खोचा संघ उभा करायचाय. पेपर औपचारिक."

ओमवती मॅडमनी बशीत चहा ओतला.

"म्हणजे," भाऊसाहेब हळूहळू म्हणाले, त्यांना प्रत्येक शब्दाची चव घ्यायची होती, "आत्ता अर्ध्या तासापूर्वी ज्या खेळाला तू गुराख्यांचा म्हणालास, त्याच खेळावर तू तिला विकतोयस."

"विकतोय कसला, भाऊसाहेब! ॲडमिशन मिळतेय फुकटात!"

"फुकट?" माईंनी मान वर केली. सेक्रेटरिएटच्या क्वार्टरमध्ये आयुष्य काढलेल्या बाईला फुकट या शब्दाचा वास लगेच येई. "कुठली शाळा फुकट देते रे? बदल्यात काय?"

"बदल्यात काही नाही, माई."

"अहो, आता सांगूनच टाका ना," कुमुदवहिनींचा गोडवा संपला. चेहरा मात्र अजून पाहुण्यांकडे हसत होता, त्यामुळे बघणाऱ्याला भीती वाटली असती. "लपवायचं काय त्यात? जयंतला दहावीत घालतायत ते. गणित, सायन्स दोन्ही गेलेत त्याचे पहिल्या सहामाहीला, नववीतच ठेवणार होते. प्रिन्सिपल म्हणाले, तुमची पुतणी आम्हाला द्या, मुलाचं आम्ही बघतो. आणि घरात राहिली की त्याचं गणितही करून घेईल. लतिकाने तयारी करून घेतली असेलच ना तिची. मुलीला काय हो, कुठेतरी शिकायचंच आहे."

"काकू," भिंतीपाशी उकिडवी बसलेली सुदेश म्हणाली, "फाउल."

सगळे तिच्याकडे वळले. ओमवती मॅडमसुद्धा.

सुदेशला मैदानाने दिलं तेवढंच मराठी येत होतं, आणि मैदानावर भाऊसाहेब सगळ्यांना तूच म्हणत. "तू आधी एक दिशा दाखवली," ती प्रत्येक शब्द स्वच्छ उच्चारत म्हणाली. "परीक्षा. मग दुसरीकडे वळली. दिशा बदलायची नाही. बदलली की फाउल. काका, तू पण फाउल." मग तिला आणखी काहीतरी आठवलं. "आणि माझ्या बुटांना वास नाही. सकाळी धुतले."

"मम्मी," जयंत म्हणाला, "इसने क्या बोला?"

यावर ओमवती मॅडमना एवढं हसू आलं की चहा स्वेटरवर सांडला. त्यांना निम्मंच कळलं होतं, पण तेवढं पुरलं.

भाऊसाहेब उठून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जिल्ह्याचा चषक आधीच आला होता. "शाब्बास, सुदेश! अरे, स्वतःच्या नातवाला तीळ कळत नाहीत, आणि ही बघा!" ते मोठ्या मुलाकडे वळले. "ने तुझे बूट. पोर इथेच राहणार."

माईंनी पाट सरकवून आपली जागा बदलली, म्हणजे थोरल्या सुनेपासून लांब. "माझ्या नातीला बदल्यात दिलीस गं कुमुद? मोडीत भांडी देतात तशी?" गुडघ्यांचा विषय त्या आपसूक विसरल्या. शशिकांतने गळा साफ केला आणि भाऊसाहेबांचंही बरोबर आहे, असं म्हणून तो थांबला. दादाचंही म्हणायची आज सोय नव्हती.

लतिकाला वाटलं, झालं. टळलं. आणि लगेच दुसरी काळजी पुढे आली, कारण तिच्याकडे काळज्या रांगेतच उभ्या असत. पोर इथेच राहणार, म्हणजे मधल्या पदांशिवायच राहणार.

"चलो, अच्छा हुआ," ओमवती मॅडम स्वेटर पुसत म्हणाल्या. "और बाऊजी, गणित की बात चली तो याद आया। हेडमास्टरजी फिर पूछ रहे थे। बहूजी की तबीयत अब कैसी है?"

"माझी?" लतिका म्हणाली. "मेरी तबीयत?"

"हाँ जी। पिछले साल मास्टरजी गए, तब हेडमास्टरजी ने कहलवाया था ना, बहू बी.एस्सी. है, नौवीं-दसवीं का गणित पढ़ा दे, अभिभावक समिति मंज़ूर कर देगी। बाऊजी बोले, बहू बीमार रहती है, उससे नहीं होगा।"

आता सगळे थोरल्यांकडून वळून भाऊसाहेबांकडे बघायला लागले.

भाऊसाहेब पुन्हा खाली बसले. "तेव्हा," ते मराठीत म्हणाले आणि सुदेशकडे पाहून त्यांनी आवाज उगाचच खाली आणला, "तेव्हा तुला सर्दी झाली होती."

वर्षभर. लतिका वर्षभर शाळेच्या भिंतीवरून मुलींचे आवाज ऐकत होती आणि गणिताचा तास कसा वाया जातो म्हणून जीव जाळत होती. तो वाया जात नव्हताच. तो खो-खोसाठी जपून ठेवला होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"भाऊसाहेबांचंही..." शशिकांत म्हणाला, आणि पुढचं त्याने गिळलं.

"दूध उतू जाईल," असं म्हणून लतिका आत गेली. गॅसवर दूध नव्हतं.

*

ती स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि उरलेल्या गोळ्याची पोळी लाटायला घेतली. तिच्याकडून पोळी कधी फुटत नसे. ही फुटली. गूळ लाटण्याला चिकटला.

बाहेर आघाड्या नव्याने बांधल्या जात होत्या, ते तिला सगळं ऐकू येत होतं. सूर्यकांतांना हत्यार सापडलं होतं. "मला फाउल म्हणताय, आणि स्वतः सुनेच्या नावावर आजारपण खपवलंत!" माई आता त्यांच्या बाजूला गेल्या होत्या. "चांगली शिकलेली सून, आणि हे गावभर सांगतात आजारी आहे! लोकांना वाटलं असेल आम्हीच छळतो." कुमुदवहिनी लतिकाच्या शिक्षणाची स्तुती करत होत्या, लग्नानंतर पहिल्यांदाच. भाऊसाहेब म्हणत होते की त्यांनी जे केलं ते शाळेसाठी केलं. कोण कोणाशी कसं वागलं याचा पंधरा वर्षांचा हिशेब निघाला. त्या सगळ्या गदारोळात वृंदाचं नाव एकदाही आलं नाही.

वृंदा आत आली आणि आईच्या मागे उभी राहिली.

"दूध कुठाय?" तिने विचारलं.

"गप्प बस."

"आई, त्या शाळेत गणिताचे सर आहेत ना?"

लतिकाचं लाटणं थांबलं. "आहेत. प्रत्येक वर्गाला आहेत. तुला जायचंय का? खरं सांग. फोन मी केला म्हणून नाही. तुला काय हवंय?"

पोरीने विचार केला. विचार करताना ती खुंटापाशी उभी राहते तशी एका पायावर भार देऊन उभी राहते, हे लतिकाला माहीत होतं.

"मला उद्या खेळायचंय," ती म्हणाली. "आणि ती मधली पदं हवीत. मला तर घरी कळली, तू कणीक मळताना सांगितलंस तेव्हा. सुदेशला कोण सांगणार? तिला विचारलं तर ती पण म्हणते, कुठली मधली?"

"मी वर्गात उभी राहिले नाही गं कधी. चाळीस पोरी. मला चक्कर येईल."

"येऊ दे की. घरात तरी काय होतं तुला? गॅस बंद आहे का बघायला फाटकावरून परत येतेस."

"बाहेर सगळे भांडतायत. मी मध्ये जाऊन काय बोलू? मला कोणी विचारलंय का?"

लतिकाला पाठीवर, उजव्या खांद्याच्या जरा खाली, हाताचा सपाट, नीट फटका बसला. जोरात नाही. नियमाप्रमाणे.

"खो!"

लतिका उठली. आपण का उठलो हे तिला कळायच्या आत उठली. पंधरा वर्षं सासऱ्यांच्या तोंडून कानावर पडत आलेला नियम तिच्या गुडघ्यांना पाठ झाला असावा. पाठीवर खो मिळाल्यावाचून उठायचं नाही, आणि मिळाला की बसून राहायचं नाही. तिने मागे पाहिलं. वृंदा तिच्या पाटावर बसली होती. खो देणाऱ्याने उठलेल्याच्या जागी बसायचं असतं. पोरीने बाह्या वर केल्या आणि फुटलेली पोळी तशीच तव्यावर टाकली.

लतिका बैठकीत आली तेव्हा भाऊसाहेब आणि सूर्यकांत एकाच वेळी बोलत होते. ती नेहमीच्या चौकटीशी थांबली नाही. खोलीच्या मध्यापर्यंत आली आणि सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीत बोलली. घरात, घरच्यांशी, हिंदीत. तेवढ्यानेच सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"ओमवती मॅडम, वृंदा कल नौ बजे मैदान पर होगी। दिल्ली नहीं जा रही।"

"शाब्बास!" भाऊसाहेब म्हणाले.

"और हेडमास्टरजी को बता दीजिए, सोमवार से नौवीं-दसवीं का गणित मैं लूँगी। मेरी सर्दी ठीक हो गई है।"

भाऊसाहेबांची शाब्बासकी तोंडातच राहिली. "अगं, पण... सोमवारपासून? पुढे राज्य पातळी आहे. गणिताच्या तासाला आमचा सराव असतो."

"गणिताच्या तासाला गणित असतं, भाऊसाहेब. वेळापत्रकात तसंच लिहिलंय. सराव शाळेआधी घ्या. तुम्ही पहाटे उठून दुधाच्या पिशवीची वाटच बघत बसलेले असता."

"थंडी असते गं पहाटे. धुकं असतं."

"स्वेटर घाला. नाहीतर सर्दी होते."

माईंनी पदर तोंडाला लावला. शशिकांत उठला, दाराशी गेला आणि वृंदाची बॅग उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवली. लग्नानंतर त्याने कोणाची बाजू घेतलेली लतिकाने पहिल्यांदाच पाहिली.

"आणि आमच्या जयंतचं काय?" कुमुदवहिनींच्या डोळ्यांत खरोखरचं पाणी आलं. "वर्ष जाईल गं त्याचं."

लतिकाने त्या पोराकडे पाहिलं. वॉकमन गळ्यात आला होता. आपल्यावरून काहीतरी फार मोठं झालंय आणि ते आपल्याला न येणाऱ्या भाषेत झालंय, एवढं त्याला कळलं होतं. तिला त्याच्यात काही टोचलं नाही.

"दर रविवारी पाठवा त्याला, वहिनी. सकाळची लोकल असते. मी शिकवीन, वृंदा आणि सुदेशबरोबर बसेल. दोन पिढ्या मागे यावं लागेल, तेवढं चालवून घ्या."

सुदेश भिंतीपासून उठली. तिने पांढऱ्या बुटांचा खोका उचलून पाहिला, आतला नंबर वाचला आणि खोका अदबीने कुमुदवहिनींच्या मांडीवर ठेवला. "मला लहान आहे," ती मराठीत म्हणाली.

तेवढ्यात आतून गूळ जळल्याचा वास आला. मग धूर आला. मग वृंदाचं खोकणं आलं. सगळे सवयीने लतिकाकडे बघायला लागले, आणि तिचा पायही सवयीने स्वयंपाकघराकडे वळला. अर्धाच वळला. समोर सुदेश उभी होती, कंबरेवर हात ठेवून, पंचासारखी तिच्या पायांकडे बघत.

लतिकाने पाय पुन्हा सरळ केला.

"मॅडम," ती म्हणाली, "हेडमास्टरजी अभी घर पर मिलेंगे? चलिए, आज ही मिल आते हैं।"